कोहळ्यावरचा पहिला घाव

वहिनी, तू गेल्याची बातमी मीच लिहिली. पेपरात अशा मजकुराची जागा ठरलेली असते. नाव, गाव, मागे कोण कोण, एवढं बसलं की ती संपते. मनीषा म्हणाली, आत्या, आईच्या बागेबद्दल एक ओळ तरी घाल. मी घातली. सकाळी पेपर उघडला तर नेमकी तीच ओळ नव्हती. ज्या उपसंपादकाने ती काढली, तो माझ्या हाताखाली शिकला आहे. जागा कमी पडली तर शेवटची ओळ आधी काढायची, हे त्याला मीच सांगितलेलं, त्यामुळे फोन करून भांडताही आलं नाही.

गाळलेला मजकूर इथे देते. तो बहुतेक सगळा कोहळ्याबद्दल आहे.

तू गेलीस तेव्हा जिन्याखालच्या कोनाड्यात, जुन्या लुगड्याच्या चुंबळीवर, एक कोहळा बसलेला होता. अंगभर पांढरी राख फासल्यासारखा. तू तो बियाण्यासाठी ठेवला होतास. देवळ्याहून तुझ्या आईने पदराच्या गाठीत बांधून दिलेलं बी तू लग्न झाल्यापासून दरवर्षी लावत आलीस आणि दरवर्षी सगळ्यांत चांगल्या कोहळ्यातून पुन्हा काढत आलीस. गेल्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला आणि पहिलं लावलेलं बी कुजलं. तू बरणी उपडी करून उरलेलं सगळं लावलंस. त्यातला एकच वेल जगला. तो गाडीच्या शेडवर चढला, पत्रा झाकून टाकला आणि त्याने मोजके कोहळे दिले. एक मनीषाकडे पुण्याला गेला, एकाचे सांडगे झाले, एक कोनाड्यात बसला. बरणी रिकामी होती. म्हणजे तुझ्या आईच्या बियाण्यातलं जे काही या जगात शिल्लक होतं, ते त्या एका कोहळ्याच्या पोटात होतं.

तो कापायला हवा होता. अडचण इथेच होती.

ज्यांनी कोहळा फक्त मंडईत फोडी करून घेतला आहे, त्यांच्यासाठी नियम सांगते. अख्ख्या कोहळ्यावर बाईने पहिली सुरी धरायची नाही. पहिला घाव पुरुषाचा. त्यानंतर साल काढणं, गाभा काढणं, किसणं, पिळणं, उडदाची डाळ जाडसर वाटणं, मिरची-हिंग-मीठ घालून गच्चीवर एकेक सांडगा घालणं, कावळे हाकलणं आणि संध्याकाळी सगळं उचलून आत आणणं, या कामांना पुरुष लागत नाही.

दादा होता तोवर हा नियम मला दिसलाच नव्हता. तो आंघोळ करून यायचा, सुरी घ्यायचा, कोहळ्याला एक चीर द्यायचा आणि म्हणायचा, "झालं माझं." मग दिवसभर तिथेच बसून राहायचा. डाळ जास्त बारीक झाली का, मिरची कमी पडेल का, आभाळ आलंय का, यावर त्याचं मत असायचं. कोणी आलं की सांगायचा, आज आम्ही सांडगे घातले. आपण दोघी हाताला खाज सुटेपर्यंत किसत असायचो आणि तू त्याच्या या "आम्ही"ला कधीही हरकत घेतली नाहीस.

दादा गेला त्या वर्षी घरात वाळवण झालं नाही. पुढच्या वर्षी कोहळे झाले, डाळ भिजली, आणि सकाळी सकाळी तू पदर खोचून फाटकाशी जाऊन उभी राहिलीस. मी पेपर वाचत होते. मला वाटलं, दूधवाल्याची वाट बघतेयस. तू पुरुषाची वाट बघत होतीस. कोणत्याही.

त्या दिवशी विजेच्या मीटरचं रीडिंग घेणारा माणूस आला. तू त्याला म्हणालीस, "दादा, ते नंतर बघा. आधी हात धुवून या." बिल थकलंय म्हणून मनधरणी चाललीय, अशा संशयाने तो हात धुवून आला. त्याच्यासमोर पाट, पाटावर कोहळा, बाजूला सुरी. त्याने हळद-कुंकू कुठे दिसतंय का ते पाहिलं, मग मी कुठे आहे ते पाहिलं, आणि हळूच विचारलं, "ताई, हे काही करणीचं नाय ना?" तू म्हणालीस, सांडग्याचं आहे. त्याने डोळे मिटून सुरी मारली. ती अर्ध्यात रुतली आणि कोहळा सुरीसकट पाटावरून उतरून पायऱ्यांकडे निघाला. तिघांनी मिळून तो धरला. जाताना त्याला चहा मिळाला. रीडिंग घ्यायचं राहून गेलं आणि त्या महिन्याचं बिल अंदाजे आलं.

वाद तिथून सुरू झाला. माझं म्हणणं साधं होतं. तू सुरण सोलतेस, फणस फोडतेस, गच्चीवर एकटीने पोतंभर गवार वाळवतेस, मिरच्यांची पोटं चिरून त्यात मसाला भरतेस. मग याच एका फळाला पुरुष कशाला? नारळसुद्धा बाईने फोडू नये असं लोक म्हणतात, पण तू तो एका फटक्यात फोडायचीस. तेव्हा नियम आठवत नव्हता, कारण नारळ रोज लागतो.

तू दर वर्षी वेगळं कारण दिलंस. एका वर्षी म्हणालीस, कोहळा म्हणजे बळी, बळी बाई देत नाही. दुसऱ्या वर्षी म्हणालीस, कोहळा घरचा थोरला मुलगा, आईने त्याच्यावर सुरी धरू नये. मी विचारलं, बापाने धरली तर चालते का? तू माझ्या हातात किसणी दिलीस. त्याच्या पुढच्या वर्षी नुसतंच म्हणालीस, माझी आई कापत नव्हती. तीनही कारणांतलं हे एकच छापण्यासारखं होतं आणि त्यावर तू सगळ्यांत कमी जोर दिलास. मी फारच खोदून विचारलं की तू तुझ्या माहेरच्या बोलीत शिरायचीस. "तुले काय समजस?" तू म्हणायचीस, म्हणजे मला यातलं काय कळतं. मला अहिराणी येत नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं.

एक प्रश्न मी वारंवार विचारला आणि त्याचं उत्तर मला कधी पटलं नाही. फाटकाशी उभं राहून अनोळखी माणसं पकडायची गरजच काय होती? भिंतीला भिंत लागून किसनराव राहतात. एसटीत ड्रायव्हर होते, दादाचे मित्र, रोज संध्याकाळी दोघं मखमलाबाद नाक्यापर्यंत पायी जायचे. धडधाकट आहेत, घरी असतात, आणि त्यांची बायको लताबाई तुझी मैत्रीण. हाक मारली असती तर तिथल्या तिथे काम झालं असतं.

तू म्हणालीस, "त्यांना एकदा बोलावलं की दर वर्षी हक्काने येतील. मग सांडग्यांत वाटा मागतील."

मी म्हटलं, तू तसाही दर वर्षी त्यांच्याकडे डबा भरून पाठवतेस.

"देणं वेगळं, विजू. मागणं वेगळं."

वाक्य चांगलं होतं. पण चांगल्या वाक्याने मुद्दा सिद्ध होत नाही, हे मी नोकरीत पुष्कळ वेळा पाहिलं होतं.

आणि मग या हिवाळ्यातली निवडणूक. महापालिकेचे उमेदवार गल्लीत फिरत होते. सकाळी डाळ वाटून झाली होती, फाटकावर तू उभी, आणि समोरून ढोल, उपरणी, हात जोडलेला एक धिप्पाड गृहस्थ आणि त्याच्यामागे पन्नासेक माणसं. एवढे पुरुष एकदम पाहून तुझा चेहरा उजळला. उमेदवाराला तो आपलाच परिणाम वाटला.

"माऊली, आशीर्वाद असू द्या," तो वाकून म्हणाला.

"देते की. आधी हात धुवा."

तो आत आला. त्याच्याबरोबर फोटोवाला आला. उमेदवाराने कोहळा पाहिला, सुरी पाहिली आणि सराईतपणे विचारलं, उद्घाटन कशाचं आहे? तू म्हणालीस, सांडग्यांचं. त्याने कोहळ्याला चीर दिली, बाहेर ढोल वाजला, आणि फोटोवाल्याने काढलेली चित्रफीत दुपारपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर पोचली होती, मथळ्यासकट: 'माताभगिनींच्या हाकेला धावून जाणारा माणूस'. मला त्यात एकच तथ्यात्मक चूक दिसली. तो धावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याचा विरोधक आला. त्याने ढोल आणला नव्हता, स्वतःची सुरी आणली होती. हात जोडून म्हणाला, "मावशी, आमच्यावर अन्याय नका करू. अजून एखादा कोहळा असला तर..." तू म्हणालीस, कोहळा बियाण्याचा आहे, तो आत्ता कापायचा नाही. दुधी आहे, पण दुध्याला पुरुष लागत नाही. तो फार निराश झाला. जाताना तू त्याच्या हातात दुधी ठेवलास. त्याने तो घेतला आणि पुढच्या सगळ्या गल्लीत दुधी काखेत धरून प्रचार केला.

मतदान करून आल्यावर मी विचारलं, कोणाला दिलंस? तू म्हणालीस, ते गुप्त असतं, तुमच्याच पेपरात वाचलंय.

तो तुझा शेवटचा सांडग्यांचा दिवस होता. हे तेव्हा कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तू गच्चीवर बसून, जुन्या साडीवर सांडगे घालत, उमेदवाराच्या हाताला वजन नाही अशी टीका करत होतीस. मी तुला म्हटलं, बियाण्याचा कोहळा मी कापणार, मला बघायचंच आहे काय होतं ते. तू हसलीस. "काप," म्हणालीस, "मी नसले की काप." आपण दोघी हे वाक्य विसरून खाली आलो.

माघात तू गेलीस. कशाने, कधी, ते पेपरातल्या तीन ओळींत आलेलं आहे.

दहाव्याला कोहळ्यावर पहिलं संकट आलं. गुरुजींनी दानाची यादी सांगितली आणि त्यात कोहळा होता. आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी उत्साहाने सांगितलं, घरचाच आहे, जिन्याखाली. गुरुजी म्हणाले, घरचा असेल तर फारच उत्तम. मी चौकटीत उभी राहिले. मला सगळे सांगत होते की वहिनीच्याच नावाने जाणार आहे, अडवू नका. मी म्हटलं, बियाण्याचा आहे. मंडईतून दुसरा आणते, दोन आणते. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग कोहळ्याकडे. ते निफाडकडचे, घरी शेती असलेले. "बियाण्याचा असेल तर राहू द्या," ते म्हणाले. "बी दान द्यायचं नसतं, पेरायचं असतं." शास्त्रात असं आहे का, हे मी विचारलं नाही. उत्तर सोयीचं होतं.

तेरावं झालं, पाहुणे गेले, मनीषा पुण्याला गेली. जाताना म्हणाली, आत्या, तूच काप ना तो, तुला कापायचाच होता. मी हो म्हटलं आणि कापला नाही. रोज सकाळी कोनाड्यात डोकावून बघायचे. होळी झाली. ऊन तापलं. मग एक दिवस देठापाशी अंगठा लावला तर तो आत गेला. कोहळा मऊ पडायला लागला होता. अजून थांबले असते तर आतलं बीही सडलं असतं आणि तुझ्या आईच्या पदरातून निघालेली गोष्ट माझ्या जिन्याखाली संपली असती.

वहिनी, त्या सकाळी मी काय केलं ते ऐक. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले.

मला तो नियम पटला नव्हता, अजूनही पटलेला नाही. पण कोहळा तुझा होता आणि तुझ्या कोहळ्याला तुझा नियम लागू आहे, असं मला त्या वेळी वाटलं. मी आयुष्यभर मंत्र्यांना, आयुक्तांना, पोलिसांना प्रश्न विचारले. रस्त्यावरच्या माणसाला "जरा आत येता का, कोहळा कापायचा आहे" असं म्हणायला वेगळी तयारी लागते, हे मला तिथे कळलं. पहिला माणूस कानात इअरफोन घालून चालत होता. मी हात केला तसा तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला. दुसरा पार्सलवाला होता. त्याने माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओटीपी काय आला?" तिसऱ्याने विचारलं, कापायला काय घ्याल? तो समजत होता की मी कापून देणार आहे. शेजारी किसनरावांचं दार उघडं दिसत होतं. तिथे तू कधी हाक मारली नव्हतीस, म्हणून मीही मारली नाही.

ऊन चढलं. मी आत आले, पाट मांडला, कोहळा ठेवला, सुरी घेतली. बातमी सोडण्याआधी दुसऱ्या बाजूचं म्हणणं घ्यायचं असतं. ते मी आयुष्यात कधी टाळलं नाही. मी मोठ्याने म्हटलं, "वहिनी, मी कापतेय. काही म्हणायचं असेल तर आत्ता सांग."

थांबले. स्वयंपाकघरात फ्रिजचा आवाज येत होता. प्रतिक्रिया मिळू शकली नाही.

मी कापला. काही झालं नाही. वीज पडली नाही. कोहळा कडक असतो, सुरी मध्येच अडली, ती काढून पुन्हा मारावी लागली, एवढंच. देठाकडचा भाग गेला होता, पण गाभा चांगला होता. बी टपोरं, भरलेलं. मी ते सुपात काढलं, धुतलं, चुलीची राख आता मिळत नाही म्हणून उदबत्तीची राख गोळा करून त्यात चोळलं आणि खिडकीत पसरून ठेवलं. कितीतरी वर्षांचा वाद मी जिंकला होता आणि समोर भांडायला कोणी नव्हतं. असा विजय मला काही उपयोगाचा वाटला नाही.

उरला तो कोहळ्याचा गर. आपल्याकडे तुझं वर्ष होईपर्यंत वाळवण घालता येत नाही. टाकवेना. म्हणून दोन्ही अर्धी भकलं परातीत घेऊन मी लताबाईंकडे गेले आणि म्हटलं, तुम्ही सांडगे घाला.

लताबाईंनी परात घेण्याआधी विचारलं, "पहिला घाव कुणी घातला?"

मी खरं ते सांगितलं.

त्यांनी परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत वळून हाक मारली, "आहो, इकडं या. कोहळा कापायचा हाय."

"कापलेला आहे," मी म्हटलं.

"तुम्ही थांबा वो ताई. अजून एकदा कापू."

किसनराव लगेच आले नाहीत. आत कपाट उघडल्याचा आवाज आला. मग ते आले ते स्वच्छ बनियन घालून आणि डोक्यावर टोपी ठेवून. लताबाईंनी एक भकल पाटावर उपडं ठेवलं, म्हणजे ते अख्ख्यासारखं दिसावं. किसनरावांनी सुरीची धार अंगठ्याने तपासली, पाय रोवले आणि असा घाव घातला की अर्धा तुकडा उडून फ्रिजखाली गेला.

"जपून," लताबाई म्हणाल्या. "इतकी वर्सं वाट पायली म्हून काय एकदमच?"

मी विचारलं, कसली वाट?

लताबाईंनी सांगितलं. आपल्याकडे सकाळी डाळ वाटायचा मिक्सर लागला की भिंतीतून त्यांना ऐकू जायचं. त्या दिवशी किसनराव दाढी करायचे, नवा बनियन घालायचे आणि दारात पेपर घेऊन बसायचे. "वैनी फाटकावर उभ्या राहायच्या," लताबाई म्हणाल्या, "आन् हे इथं. मीटरवाला आत गेला की हे उठून बनियन बदलायचे."

मला हसू आलं. मग मी त्यांना तुझं कारण सांगितलं, हक्काने येतील आणि वाटा मागतील, ते. म्हटलं, वहिनीच्या बोलण्याचा राग मानू नका.

किसनराव फ्रिजखालचा तुकडा काढत होते. तो धुतला, परातीत ठेवला आणि म्हणाले, "राग कसला. वैनींचं बराबर होतं. मीटरवाला काय, कापून जातो. मला बोलावलं असतं तर मी दिवसभर बसलो असतो, तुमच्या दादासारखा."

लताबाई साल काढायला लागल्या.

वहिनी, तू मला बळी सांगितलास, थोरला मुलगा सांगितलास, आई सांगितलीस, वाटा सांगितलास. हे नाही सांगितलंस. किसनरावांचा तो अंदाज आहे. त्याला दुजोरा देणारं कोणी आता नाही, त्यामुळे तो मी खरा म्हणून लिहू शकत नाही. पण घरी येऊन मी आधी दादा बसायचा ती जागा झाडून घेतली.

सांडगे चांगले झाले. लताबाईंनी मिरची जास्त घातली, तू घालू दिली नसतीस. डबा भरून आपल्याकडे आला आहे. बी खडखडीत वाळलं आणि बरणीत भरलं. मृगाला शेडखाली आळं करून लावीन, थोडं मागे ठेवून, कारण पावसाचा आता भरवसा नाही. वेल पत्र्यावर चढला आणि कोहळे धरले तर हिवाळ्यात, तुझं वर्ष झालं की, डाळ भिजवीन. पहिला घाव मी घालणार आहे, तो वाद माझ्या बाजूने संपला असं समज. किसनरावांनाही हाक मारीन. बसायला.